भिंतीवर न आलेली बातमी

जगदेव : ही नुसती भिंत नाई, चंपत. हा आपल्या रिसोडचा इतिहास हाय! उद्याच्या पिढ्या इथं येतीन, उभ्या राह्यतीन अन्...

चंपत : अन् घाईनं आत जातीन. मुतारीची भिंत हाय ते, जगदेव.

जगदेव : म्हणून त गर्दी हाय! मुंबईच्या प्रदर्शनात इतके लोक येतात का?

(सकाळ. बसस्टँडजवळची भिंत. जगदेव पेंटर रोज पेपरातल्या एका बातमीचं चित्र या भिंतीवर काढतो. त्याचा जुना दोस्त चंपत, भाजीवाला, मुलीच्या तेरवीनंतर आज पहिल्यांदाच बाजारात आला आहे.)

चंपत : आज काय काढून राह्यला?

जगदेव : मंत्र्यानं पुलाचं उद्घाटन केलं. पूल अजून व्हायचा हाय, म्हणून नुसता मंत्री काढला.

चंपत : हिरवा?

जगदेव : निवडणुकीच्या भिंती रंगवल्या, त्यातला उरलेला रंग हाय. हिरवाच जास्त उरला, त्याले मी काय करू?

चंपत : एक इचारू?

जगदेव : इचार ना बाप्पा.

चंपत : अनसिंगच्या विहिरीत वासरू पडलं, त त्याचं चित्र काढलं तू. पुढाऱ्याच्या कुत्र्याचा वाढदिवस झाला, त्याचं बी काढलं. मायी शुभांगी ट्रकखाली गेली, ते पेपरात आलं त्या दिवशी इथं काय होतं, याद हाय?

जगदेव : ...सोयाबीनचा भाव.

चंपत : भाव! वासराएवढी बी नव्हती का रे ते?

जगदेव : असं नको बोलू, गड्या.

चंपत : काल साळ्यानं घरी भजे आणले. कागद उलगडला, त तिचीच बातमी. अर्धी तेलात गेलेली. बाकीची अर्धी म्या पुसून खिशात ठेवली.

जगदेव : बसलो होतो बे त्या दिवशी. पेपर मांडीवर, ब्रश हातात. रोज सक्काळी मेथी घेऊन जातांना स्कुटी थांबवे ते इथं. म्हणे, 'काका, मंत्र्याच्या हाताले सहा बोटं झाले.' मी म्हणो, 'त्याले पाच पुरत नाईत बेटा, राहू दे.' अशी हसे...

चंपत : मंग काहून नाई काढलं तिले?

जगदेव : अन् दुसऱ्या दिवशी? दुसऱ्या दिवशी चुना मारा लागते ना मले, नव्या बातमीसाठी. तिच्या तोंडावर कुंचा फिरवायले हात कोनाचा आणू?

चंपत : मी मारीन चुना.

जगदेव : तू?

चंपत : अग्नी बी म्याच देल्ला ना.

जगदेव : ...बरं. सरक जरा. मंत्र्याले मिटवू दे. त्याचं काय, उद्या पुन्हा उद्घाटन करीन तो.

चंपत : चुना दाट लाव. हिरवा दिसून राह्यला खालून.

जगदेव : वाळू दे. हं, सांग आता. कशी काढू?

चंपत : स्कुटीवर. समोर मेथीच्या जुड्या. अन् तोंडावर ते हसू, तुयी चूक सापडली का जे येई ते.

जगदेव : ट्रक बी काढा लागन, चंपत. बातमी हाय. नाई त लोकं म्हणतीन, पोरगी बाजारात चालली, त्यात बातमी कायची?

चंपत : काढ ना. म्या कुठं नाई म्हणलं?

जगदेव : मंग?

चंपत : जरासा लांब काढजो.