सिस्टरांचं एकच वाक्य

माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरील डॉक्टरमंडळी, आजच्या सत्कारमूर्ती सिस्टर आणि समोर बसलेल्या माझ्या माणसांनो,

मला दोन शब्द बोलायला सांगितलंय. मी एका रुग्णाची आई, आणि आयांना दोनावर थांबणं जमत नाही, हे आधीच सांगून ठेवते.

सिस्टरांच्या खोलीत धडधाकट माणसं येतात. एका हातातून रक्त यंत्रात जातं, त्यातल्या मूळपेशी रुग्णाला देण्यासाठी काढून घेतात आणि बाकीचं रक्त दुसऱ्या हातातून परत. हात हलवायचे नाहीत, त्यामुळे कित्येक दात्यांची नाकंसुद्धा सिस्टरांनीच खाजवून दिली आहेत. ही सेवा कुठल्या मानपत्रात लिहिणार?

पण त्याच्या कितीतरी आधी त्यांचा एक रिवाज असतो. नातेवाइकांना बाहेर काढायचं, दार लावायचं आणि दात्याला एकट्याला विचारायचं, "मनापासून देणार ना?" मग काही अडलं, तर बाहेर येऊन एवढंच सांगायचं, "यांच्या पेशी घेता येणार नाहीत." आजार असो की नकार, वाक्य तेच.

माझ्या थोरल्याला धाकट्याच्या पेशी जुळल्या होत्या. आमचा जीव भांड्यात पडला होता. सिस्टर बाहेर आल्या आणि ते वाक्य बोलल्या. दुसरा दाता मिळेपर्यंत थोरला राहिला नाही.

मग मी धाकट्याला तळहाताच्या फोडासारखं जपलं. याला आतून काहीतरी मोठं दुखणं आहे, अशी माझी खात्रीच. पळू नकोस, भिजू नकोस, सारखं मागे. शेवटी एक दिवस तो रडत म्हणाला, "आई, मला काही झालेलं नाही. मी घाबरलो होतो. मीच नाही म्हणालो."

हे त्याला विचारूनच सांगते आहे.

मी तडक सिस्टरांकडे आले आणि तोंडाला येईल ते बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "ताई, या खोलीतलं मी कुणाला सांगत नाही. तुम्ही आत्ता बोललात, तेही नाही सांगणार."

मी त्यांना माफ केलं का? आणि त्याला? कधी करते, कधी परत घेते. पण त्या दिवशी खरं कळलं असतं, तर माझे दोन्ही मुलगे गेले असते. एक आजाराने, दुसरा माझ्या तोंडाने.

मला बोलू दिलंत, आभारी आहे. समारंभाला न शोभणारं काही बोलले असेन, तर आईचं बोलणं म्हणून पोटात घाला.

आणि सिस्टर, धाकटा खाली गाडीत बसलाय. या इमारतीची पायरी तो अजून चढत नाही. जाता जाता त्याच्याशी जरा बोला. मी तेव्हासारखीच बाहेर थांबेन.