इन्साफच्या खाटेवरची माळ

नाही म्हटलं ना, शहाता — घरात एकही कांदा नाही. अंगणातली रास सकाळी तुम्हीच गाढवावर लादून नेलीत, खड्ड्यात टाकून पेटवलीत. मी अवाक्षर काढलं का? नाही काढलं. गावाचं ठरलं, सडका कांदा जाळायचा, माशी इथेच संपवायची — ठीक आहे. मग आतल्या दाराकडे काय बघतोस? आत बायको निजलीय माझी, इन्साफ.

माशी मला शिकवू नकोस. काळी, बारकी, जमिनीलगत उडते. कुदळ लागलेला, मान मऊ पडलेला कांदा बरोबर हुडकते, तिथे अंडी घालते — मग अळ्या, मग लगदा. नाईल ओलांडायचं बळ तिच्या पंखांत कुठलं? पलीकडे गेली ती आपल्याच होड्यांतून, आपल्याच पोत्यांतून. तिकडचे लोक शिव्या घालतात — घालू देत. माझंही रान नासलंय.

इन्साफ? आहे तशीच. अर्धांगाच्या झटक्यात जीभ गेली, अंग गेलं. डोळे उघडे, पण बघायची नाही — हाक मारा, दिवा धरा, नजर आपली भिंतीकडे. शम्म अन-नसीमच्या सणाला सून म्हणाली, आजाऱ्याच्या उशाशी कांदे टांगतात, टांगू या. टांगले. तुझ्या आईच्या खाटेवर नव्हते टांगले? माळ आमच्याच रानातली, त्यामुळे तिच्यात — म्हणजे, होती माळ. काढली. केव्हाच काढली.

वास? आजाऱ्याच्या खोलीला वास येतोच.

बरं, ऐक. एका सकाळी माळेतून माशी निघाली. खाटेच्या वर हवेत थांबली — पाहिलंयस ना, खिळा ठोकल्यासारखी थांबते, जराशी सरकते, पुन्हा थांबते. आणि इन्साफ तिच्याकडे बघत होती! माशी सरकली की नजर सरकायची. मी पाणी घेऊन दारात, भांडं हातातच राहिलं. परवा तर तिने बोटं उचलली — इतकीच, चादरीवरून सुटली इतकीच. डॉक्टरच्या सुयांनी हे झालं? पोरींच्या रडण्याने झालं?

खिडकीला फडकं ठोकलंय मी. दार उघडतो, लगेच लावतो. एकही बाहेर जात नाही, अल्लाची शपथ, एकही नाही. मग गावाचं काय बिघडलं? तुझं रान बांधाला लागून आहे, ठाऊक आहे मला. तुझ्या पोरीचं लग्न यंदाच्या कांद्यावर अडलंय, तेही ठाऊक आहे. पण ती माळ मी देणार नाही. तुझ्या बापाबरोबर कालवा खणलाय मी — तरी सांगतो, त्या दाराला हात लावून बघच.

काय झालं? माझ्या बाहीकडे काय बघतोस?

हलू नकोस. श्वाससुद्धा जोरात टाकू नकोस, उडेल ती. हळूच मागे सर, बाहेर पड — आणि दार लाव. अरे, आधी बाहेरचं दार लाव!