‘मोकाट’चा शेवटचा अंक

– नाही हो, संपादक असा कुणी नव्हताच, मघापासून तेच सांगतेय. आम्ही अराज्यवादी – सरकार नको, मालक नको, मग संपादक कसा चालेल? ‘मोकाट’च्या प्रत्येक अंकावर छापायचो, ‘संपादक : कोणी नाही’. आता कोणी नाही म्हणजे माझा दादाच – तो लिहायचा, मी छापखान्यात खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, जुळवायची आणि उरलेले चौघे वाद घालायचे. अंकाला क्रमांक द्यावा की नाही यावर तीन बैठका झाल्या. हसताय काय? एकामागे दुसरा म्हणजे उतरंड आली म्हणे. म्हणून तर तुम्हा अभ्यासकांना अंक लावता येत नाहीत. बैठकीनंतर कपबशा मात्र मीच विसळायची – सत्तेचा नायनाट मोरीपर्यंत काही पोचला नाही.

शेवटचा अंक? त्यातलं ते वाक्य – ‘हे सगळं मीच लिहिलं आणि पुन्हा लिहीन’ – हो, वाचनालयात दादाच्या फोटोखाली लावलंय. दादाचंच की. म्हणजे – कागद त्याच्या अक्षरातला होता, पण मजकूर – हे बघा, पोलीस येऊन गेले होते, वकील म्हणाला, माफी छापा, सुटाल. दादानं लिहून दिली, मी जुळवायला घेतली. दोन ओळी झाल्या, आणि तिसरीत काय? ‘आजवरचे सर्व लेखन माझ्या धाकट्या बहिणीने माझ्या नकळत छापले.’ उलटे खिळे वाचायची सवय मला, पण हे सुलट अक्षर डोक्यात शिरेना. शिरलं तेव्हा जुळवलेलं सगळं मोडलं आणि माझ्या मनातली एक ओळ जुळवली, खाली दादाचं नाव. दुपारपर्यंत अंक गावभर. लोक दारात उभे, वाहवा करतायत – आता हा नाही कसं म्हणणार? गेला आत. तीन वर्षं.

सुटून आला तो मोठा माणूस होऊन. प्रत्येक सभेत तेच वाक्य, छातीवर हात ठेवून, आणि मी पहिल्या रांगेत टाळ्या वाजवतेय. मला एकदाच म्हणाला, ‘बरं जुळवलंस.’ बस. खोकला मात्र आतूनच घेऊन आला होता. दुसऱ्या हिवाळ्यात गेला. त्याची ती माफी तशीच छापली असती तर – मला फार तर सहा महिने झाले असते. सहा महिने काय, काढले असते मी. काढले असते ना?

तुम्ही हे लिहून घेताय? ते पान फाडा. तुमच्या खिशात नको, इकडे द्या माझ्याकडे. आणि निघा आता.