मास्तरांच्या पाठीचं माप

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील पाहुणे, शिंपी संघाचे सभासद आणि जेवणाच्या टेबलांकडे डोळे लावून बसलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

'पोक' हा एवढासा शब्द मला काय भावाला पडला, ते आधी सांगतो. एका सुटाची ऑर्डर, एक जन्माचं गिऱ्हाईक आणि सासुरवाडीचा वर्षभराचा चहा. कारण गिऱ्हाईक म्हणजे माझे सासरेच होते.

आज निवृत्त होणारे आमचे कटिंग मास्तर माप घेताना अंगाचा सगळा पंचनामा खणखणीत आवाजात सांगायचे आणि मी गल्ल्यावर बसून लिहून घ्यायचो. दुकानाची ती रीतच होती. "छाती चाळीस. ढेरी आहे. डावा खांदा पडका. पोक, चांगलं मोठं!" दुकानात चार माणसं. सासरे गळ्यात टेप तसाच ठेवून पायऱ्या उतरले.

मग मी सुधारणा केली. ढेरीला 'समृद्ध', पडक्या खांद्याला 'कलावंत' आणि पोकाला 'विनम्र'. लोक खूश! पण किती दिवस? गिऱ्हाईक काय आंधळं असतं? माफ करा, हाही शब्द आता चालत नाही म्हणे. एक बाई काउंटरवर हात आपटून म्हणाल्या, "समृद्ध कुणाला म्हणता हो? तुमच्या घरी कुणी समृद्ध नाही वाटतं?" रस्त्यावरची पोरं एकमेकांना चिडवू लागली, "ए विनम्र, सरळ चाल!" शब्द नवा, पण वर्षभरात जुन्याइतकाच बोचायला लागला. शेवटी आम्ही बोलणंच सोडलं. नुसते आकडे. म्हणून आज छाती पुढे काढून सांगतो, आमच्या दुकानात माणूस दुखावत नाही आणि कोट चुकत नाही!

तर मास्तर. जन्मभर दुसऱ्यांचे कोट बेतले, स्वतःच्या अंगावर कधी चढवला नाही. निरोपाला काय हवं, विचारलं तर म्हणाले, "मालक, एक कोट. माझ्या अंगाला बसणारा." माप मी स्वतः घेतलं, लिहायची वही मास्तरांच्या हातात. टेबलावर वाकून वाकून त्यांची पाठ कशी झाली आहे, ते आपण पाहताच आहात. टेप पाठीवर नेला आणि माझी जीभ अडली.

"सांगा की, मालक."

"पाठ सरळ."

"अहो, पोक म्हणा! कापडाला कसली लाज?"

"तुमच्याबद्दल मी तसलं बोलेन? पाठ सरळ! लिहून घ्या!"

मास्तर हसले. वहीत तसंच लिहून घेतलं. मोठ्या मनाचा माणूस.

आपण सगळे आलात, अध्यक्षांनी घड्याळाकडे न बघता ऐकून घेतलं, मी ऋणी आहे. बोलताना कुठे टाका उसवला असेल, तर पोटात घाला. आणि एक विनंती. मास्तर सत्कार खुर्चीत बसूनच स्वीकारतील, त्यांना उठवू नका. उभं राहिलं की कोट मागून चार बोटं वर जातो.