ओट्यावरचं बटण

विक्रेता : हाडं म्हणजे कशाची हाडं, काकू? सगळं त्यावर आहे.

आई : कोंबडीची. आणि माशाचे काटे.

लेक : आई, तू अंडंसुद्धा खात नाहीस.

आई : मी मशीनचं विचारतेय, माझं नाही.

विक्रेता : मग हा अर्धा एचपीवाला नको. सिंकखाली बसून खरकटं दळतो खरा, पण साली, उरलेला भात, चहाचा चोथा एवढंच. हाड आलं की रुसून बसतो. घरात माणसं किती?

लेक : एक.

आई : दोन.

लेक : दोन कुठून आली? मी येते महिन्यातून एखाद्या रविवारी, तेही जेवून लगेच परत.

आई : तुला धरलंच नाही मी.

विक्रेता : मी काय म्हणतो ताई, पाहुणेरावळे धरून थोडं मोठंच घ्यावं. हा बघा, पाऊण एचपी. आतलं भांडं स्टीलचं. आणि लोकांना वाटतं यात मिक्सरसारखं पातं असेल, तसं काही नाही. चकती फिरते, खरकटं कडेला आपटतं आणि भरडलं जातं. इथे जोडूनच ठेवलाय, बर्फ टाकून दाखवू?

आई : टाका. मला आवाजच ऐकायचाय.

लेक : अरे देवा. बंद करा, बंद करा. शेजारपाजारचे धावत येतील.

विक्रेता : बर्फ होता म्हणून, ताई. भाजीच्या देठांना एवढा नाही करत.

आई : आतल्या खोलीत कुणी झोपलं असेल तर दचकेल का?

लेक : आतली खोली माझी आहे. तिथे कुणी झोपत नाही.

आई : आणि हे झाकण कशाला?

विक्रेता : सुरक्षेची सोय. झाकण दाबून फिरवल्याशिवाय मशीन सुरूच होत नाही. लहान मुलांच्या घरी मी डोळे झाकून हेच देतो.

आई : एका हाताने फिरतं? डाव्या?

विक्रेता : डाव्या हाताने... जोर लागेल, काकू. दुसऱ्या हाताने सिंकची कड धरावी लागते.

आई : मग नको. दुसरं दाखवा.

विक्रेता : दुसऱ्याला बटण येतं, ओट्यावर बसवायचं. हवेच्या दाबावर चालतं, ओल्या हाताने दाबलं तरी शॉक नाही. एका बोटाचं काम.

आई : हे बरं आहे. हेच द्या.

लेक : एक मिनिट. आई, तुझ्या उजव्या हाताला काय झालंय? मला बोलली का नाहीस? दाखव बघू.

आई : माझे दोन्ही हात धड आहेत. सोड, लोक बघतायत.

विक्रेता : तुमचं चालू द्या. मी आतून पाऊण एचपीचा बटणवाला नवा खोका काढून आणतो.

(विक्रेता गोदामात जातो.)

लेक : आता सांग. मासे कोण खातं, माझ्या खोलीत कोण झोपतं आणि डावा हात कुणाचा? तू लग्नबिग्न तर करत नाहीयेस ना? कर हवं तर, पण मला असं दुकानात कळायला नको.

आई : एकदा केलं तेवढं पुरे झालं. ती येतेय राहायला.

लेक : ती कोण?

आई : आपल्या घरात एकच ‘ती’ आहे. आपण दोघींनी तिचं नाव कधी घेतलं नाही.

लेक : ज्या बाईसाठी बाबा आपल्याला सोडून गेले, ती?

आई : हो.

लेक : खाली बस, आई. नाही, थांब, मलाच बसू दे.

आई : पाणी हवंय का?

लेक : पाणी नकोय मला. तुझं डोकं ठिकाणावर आहे का?

आई : तिला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली होती. पाय आला परत, हात नाही आला. भाऊ आहे, पण त्याने तिची सोय गॅलरीत केलीय, कपडे वाळत घालतात तिथे.

लेक : तुला हे कुणी सांगितलं?

आई : तिनेच. फोनवर.

लेक : तुम्ही दोघी फोनवर बोलता?

आई : तुझे बाबा वारल्यापासून. म्हणजे रोज नाही.

लेक : काय बोलता? मला खरंच कळत नाहीये, तुम्ही बोलता काय?

आई : त्यांच्याबद्दल तक्रारी. अगं, त्यांचं घोरणं, भिजलेला टॉवेल पलंगावर टाकणं, रागावले की जेवणावरून उठणं, हे मी दुसऱ्या कुणाला सांगू? ऐकणाऱ्याला माहीत तर पाहिजे.

लेक : हसू नकोस. मला रडायला येतंय आणि तू हसतेस. त्यांच्या शेवटच्या आजारपणात तू भेटायलासुद्धा गेली नाहीस. मी तेव्हा म्हटलं, बरं केलंस.

आई : गेले होते. तुला नाही सांगितलं.

लेक : कधी?

आई : तू ऑफिसला गेलीस की जायचे. तिने दार उघडलं, मला त्यांच्या उशापाशी खुर्ची दिली आणि स्वतः बाहेर जिन्यात जाऊन बसली. मी निघेपर्यंत आत आली नाही. दर वेळी तसंच. शेवटी मीच एकदा बाहेर गेले नि म्हटलं, आत ये, पायरी गार आहे.

लेक : आणि झालं? तेवढ्यावर सगळं माफ?

आई : माफबिफ मला जमत नाही. अजूनही कधी कधी तिच्याशी बोलताना मध्येच फोन ठेवून देते. ती पुन्हा करते.

लेक : तू विसरलीस. मी नाही विसरले. शाळेतून आले की तू सकाळी होतीस तिथेच बसलेली असायचीस. केसांच्या जटा झालेल्या. मी वेणी घालायचे तुझी. मला माझी धड येत नव्हती, तरी तुझी घालायचे.

आई : घट्ट घालायचीस. डोकं दुखायचं माझं.

लेक : ती त्या घरात आली तर मी येणार नाही. रविवारीसुद्धा नाही. हे लक्षात ठेवून काय ते घे.

आई : ठेवलंय. म्हणून तर तुला बरोबर आणलं. पाठीमागून केलं असतं तर तुझ्या बाबांत आणि माझ्यात फरक काय राहिला?

लेक : आणि हे मशीन कशाला मध्ये? तिच्या स्वागताला?

आई : ती यायलाच तयार नव्हती. म्हणाली, फुकट बसून खाणार नाही, काहीतरी काम दे. एका हाताने चिरणं होत नाही, कणीक मळणं होत नाही, कचऱ्याची बादली घेऊन तीन जिने उतरणं तर नकोच. मी म्हटलं, सिंक तुझं. खरकटं मशीनमध्ये लोटायचं, बटण दाबायचं, भांडी विसळून ठेवायची. तेव्हा कुठे हो म्हणाली.

लेक : खूप मोठं मन आहे तुझं. माझं नाही.

आई : मोठं कसलं. घरी कुणी बोलायला नसतं गं.

लेक : मला सांगायचंस ना.

आई : तुझ्यापाशी त्यांना नावं ठेवता येत नाहीत. तुझे ते बाबा.

लेक : ...ती दिसते कशी आता?

आई : बारीक झालीय. लांब केस होते, ते कापून टाकले. एका हाताने वेणी पडत नाही, आणि वहिनीला रोज कुठे सांगणार.

(विक्रेता खोका घेऊन परत येतो.)

आई : आला बघ तो. डोळे पूस.

विक्रेता : हा घ्या, सीलबंद. उद्या आमचा माणूस येऊन सिंकखाली बसवून देईल. फक्त बटणाची बाजू आत्ताच सांगा. ओट्याला भोक पाडावं लागतं आणि ग्रॅनाइटला एकदा भोक पडलं की पडलं. बहुतेक सगळे उजवीकडेच घेतात.

आई : हिला विचारा. घर पुढेमागे हिचंच आहे.

विक्रेता : ताई? उजवीकडे लिहू ना?

आई : घाई करू नका तिला.

विक्रेता : घाई नाही, काकू. पाहिजे तर घरी जाऊन फोन करा.

लेक : डावीकडे लिहा.

विक्रेता : डावीकडे तर भांड्यांचा स्टँड असेल तुमचा, तो आड येईल.

लेक : स्टँड मी येऊन हलवीन. मावशींचा उजवा हात चालत नाही.