नुसतं ‘गूट’ चालायचं नाही

गायकवाड सर, शाळेतले सगळे शिक्षक, आणि बाईंची ही सगळी पोरं. आता पोरं कसली म्हणायची, तुमचीच पोरं शाळेत जायला लागली. सगळ्यांना नमस्कार.

मी दत्ता शिंदे. अश्विनी शिंदेचा बाप. बाई गेल्या, हे अजून तोंडातून नीट निघत नाही. आणि मला बोलताही येत नाही. कंपनीत माझा निरोप समारंभ झाला, तेव्हा मी नुसते हात जोडले आणि खाली बसलो. पण आज बाईंच्या फोटोसमोर तसंच केलं, तर बाई रागावतील. का रागावतील, ते सांगायलाच उभा राहिलोय.

बाईंनी आपल्या पोरांना आठवीपासून दहावीपर्यंत जर्मन शिकवलं. खरं सांगतो, माझा विरोध होता. मी म्हणालो, ‘संस्कृत घे की लेकरा, मार्क तरी पडतात. जर्मन घेऊन काय करायचंय?’ ती म्हणाली, ‘तुमच्या मशीनवर जर्मनमध्ये लिहिलंय ना, ते वाचून दाखवीन.’ मी म्हणालो, ‘मशीन मला न वाचता चालवता येतं.’ झालं. बोलणं संपलं.

तेव्हा आमच्या घरात बोलणं असंच संपायचं. अश्विनीची आई नुकतीच गेली होती. आकुर्डीत दोन खोल्यांत आम्ही दोघंच. माझी शिफ्ट, तिची शाळा. ‘डबा घेतला?’ ‘घेतला.’ ‘दार लावून घे.’ ‘हो.’ एवढंच. आईचं नाव कोणी काढायचं नाही. मी काढलं तर पोरगी रडेल, म्हणून मी काढत नव्हतो. ती का काढत नव्हती, ते मला कुठं ठाऊक?

बाईंचा एक नियम होता. पोरांनो, आठवतो ना? वर्गात आल्या की बाई एकेकाला विचारायच्या, ‘वी गेट्स?’ म्हणजे, कसं काय, बरं आहे ना? पोरं म्हणायची, ‘गूट.’ बरं आहे. आणि खाली बसायला बघायची. बाई म्हणायच्या, ‘उभा राहा. पुढचं वाक्य?’ नुसतं ‘गूट’ चालायचं नाही. का बरं आहे, का नाही, ते सांगायला पाहिजे. डब्यात आवडीची भाजी आहे म्हणा, नवा बूट चावतोय म्हणा. काहीही म्हणा, पण खरं म्हणा. आणि गृहपाठ काय? घरी जाऊन एका माणसाला हेच विचारायचं.

आमच्या घरात माणूस एकच. गुरुवार होता, कंपनीला सुट्टी. मी भाकरी थापत होतो. थापत कसला, मोडत होतो. अश्विनी दारात येऊन उभी राहिली. ‘बाबा, वी गेट्स?’ मी म्हणालो, ‘हे काय आता?’ तिनं अर्थ सांगितला.

अहो, बायको गेली तेव्हा ढीगभर माणसं येऊन गेली. सगळ्यांनी धीर दिला. पण दत्ता, तू कसा आहेस, हे कोणी विचारलं नव्हतं. आमच्यात पोरगी बापाला असं मराठीत विचारते का? नाही विचारत. तिला जर्मनमध्ये विचारता आलं.

मी म्हणालो, ‘गूट.’

‘बाबा, पुढचं वाक्य पाहिजे.’

‘लिही काहीतरी. बाप बरा आहे, भाकरी करपली.’

‘खरं पाहिजे, बाबा.’

मी म्हणालो, ‘तुझ्या आईची लई आठवण येते गं.’

ती म्हणाली, ‘मला पण.’

मग आम्ही दोघं रडलो. पोटभर रडलो. मग ती करपलेली भाकरी खाल्ली आणि कितीतरी वेळ तिच्या आईबद्दल बोलत बसलो.

पुढच्या गुरुवारी मी शाळेत गेलो. म्हणालो, ‘काय शिकवता हो बाई पोरांना?’ बाई घाबरल्या. ‘काही चुकलं का, अश्विनीचे बाबा?’ मी म्हणालो, ‘नाही बाई. आमच्या घरात बोलणं सुरू झालं.’

लोक अजून विचारतात, पोरगी जर्मनीला गेली का? नाही गेली. पिंपळे गुरवला राहते, दवाखान्यात नर्स आहे. ती बघा, तिकडं बसलीय. जर्मन सगळं विसरले म्हणते. पण पेशंट नुसतं ‘बरं आहे’ म्हणाला, की ही कॉटपासून हलत नाही.

मागच्या महिन्यात बाईंना दवाखान्यात भेटायला गेलो. विचारलं, ‘वी गेट्स, बाई?’ म्हणाल्या, ‘गूट.’ मी स्टुलावर बसून राहिलो. बाई हसल्या. ‘माझाच नियम माझ्यावर का?’ मग हळूच म्हणाल्या, ‘माझं काही नाही हो. पण हे कोणापाशी मन मोकळं करत नाहीत. माझ्यामागं ह्यांना कोण विचारेल?’

गायकवाड सर, बाईंचे ‘हे’ म्हणजे तुम्हीच. मघापासून बघतोय. जो येतो तो विचारतो, आणि तुम्ही म्हणता, ‘मी ठीक आहे.’ सर, मी येत्या गुरुवारी तुमच्याकडं येणार. मी विचारणार. तुम्ही म्हणा ‘ठीक आहे’. मी उठणार नाही. चहा गार झाला तरी उठणार नाही. त्याच्या पुढच्या गुरुवारीही येईन.

आता सगळ्यांनी उभं राहूया. दोन मिनिटं शांत राहूया. बाई आत्ता वर्गात आल्यात आणि आपल्यालाच विचारतायत, असं समजा. खरं काय ते मनातल्या मनात सांगा.

माझं मी सांगतो. बाई, आज गूट नाही. तुमची लई आठवण येते.