कुमुदकाकूंचा फुकटचा पडदा

कोण धरी पट, आधी ओळखावे।
मग झाकावे ते, गुज सारे॥

मंडळी, ऐका. आज प्रश्न साधा आहे. माणूस लपवतो कोणापासून? आणि उघडं करतो कोणापुढे? शेजारीण आली की आपण फोन पालथा ठेवतो. ठेवतो की नाही? माना हलवू नका, मला इथून सगळं दिसतंय. शेजारणीपुढे पालथा! आणि ज्याचं गाव माहीत नाही, तोंड पाहिलेलं नाही, अशा माणसाला त्याच फोनाची किल्ली देतो. का? तर तो म्हणाला, फुकट आहे.

तबला जरा हळू. गोष्ट घरगुती आहे.

कराडला कुमुदकाकू पुराणिक म्हणून एक बाई. राहायच्या वरच्या मजल्यावर. तीस वर्षं लग्नं जुळवली. काकूंच्या दारात मुलाचा बाप आला की पाटावर बसायच्या आत चार प्रश्न. मूळ गाव कोणतं? माणसं कोण? आधी कुठे जमलं होतं का? आणि चौथा, चष्मा पुसत, हळूच – पोट कशावर भरतं? पहिल्या तिन्हींना हसत उत्तर देणारे चौथ्याला पाणी मागायचे. मागितलं की काकू समजायच्या.

पूर्वी बायोडेटा कपाटात असायचे, किल्ली कमरेला. मग फोन आला. चारशेबारा घरं फोनात शिरली. आता चारशेबारा घरांत देशपांडेच एकोणीस. ओळखायचे कसे? काकूंनी युक्ती काढली. नाव साठवताना पुढे खूण. ‘देशपांडे टोप’ – म्हणजे मुलाच्या डोक्यावर आहे ते त्याचं नाही. ‘जोशी दुसरेपण चालेल’. ‘कुलकर्णी मुलगा बरा आई नको’.

हसताय! तुमच्या फोनात ‘दूधवाला उशिरा येतो’ नाही? ‘घरमालक उचलू नये’ नाही? बसा गप.

काकूंच्या खाली राहायचे त्र्यंबक सबनीस. टेलिफोन खात्यातून निवृत्त. एकटे. त्यांच्याकडे वायफाय होतं, आणि काकूंना ते त्यांनी आपणहून दिलं होतं. पण माणसाला बोलायची हौस. जिन्यात गाठ पडली की सुरू व्हायचे. काल दुपारी बराच वेळ नेट चाललेलं दिसलं, काकू. दिवा सारखा लुकलुकत होता. आणि एकदा, नुसती ऐट म्हणून, म्हणाले, "माझ्या तारेतून काय जातं ते मला सगळं कळतं."

झालं! काकूंनी ते खरंच धरलं. कारण त्याच आठवड्यात त्यांच्याकडे एक ठेव आली होती.

ठेव पैशाची नव्हे हो. शब्दाची.

मैथिली प्रधान. सत्तावीस वर्षांची, शाळेत गणित शिकवणारी. तीन वर्षांपूर्वी वडिलांना आपली एक किडनी दिली. आता वडील रोज नदीपर्यंत चालत जातात, आणि ही धडधाकट. काकूंपुढे बसून तिने सरळ सांगितलं. "काकू, लपवायचं नाहीये मला. पण बायोडेटात नको. मी सांगेन, समोर बसून, माझ्या तोंडाने. तोवर तुम्ही कोणाला सांगू नका." काकूंनी देवापुढच्या निरांजनावर हात धरून शब्द दिला.

शब्द दिला, आणि विसरू नये म्हणून फोनात नावापुढे लिहून ठेवला. ‘मैथिली एक किडनी’.

अरे अरे अरे.

आता मुलगा ऐका कोण. निनाद. साताऱ्याला नोकरी, स्वभावाने शांत. आणि सख्खा भाचा कोणाचा? खालच्या सबनीसांचा! भेट ठरली रविवारी. म्हणजे काकूंना गुपित राखायचं होतं ते नेमकं त्याच माणसापासून, ज्याच्या तारेतून ते जात होतं. काकूंची झोप उडाली. सबनीसांना आधी कळलं, तर ते बहिणीला सांगणार. बहीण भेटीआधीच नकार कळवणार. मुलीला तोंड उघडायची संधीच नाही.

भजनी मंडळातली एकजण म्हणाली, व्हीपीएन घ्या. ते काय असतं? फोनातलं भुयार. आपण काय मागवतो, कुठे जातो, ते वायफायवाल्याला दिसत नाही. सगळं भुयारातून जातं.

काकूंनी शोधलं तर ही रांग! चारशेबारा स्थळांना पुरून उरतील इतकी ॲप. एकाच्या चित्रावर ढाल, एकावर कुलूप, एकावर डोळा मारणारा कोल्हा. काही विकतची. काकूंनी ती बघितलीच नाहीत. फुकटातलं एक निवडलं. का निवडलं? चित्र छान होतं. ढाल हिरवी होती. खाली चांदण्या साडेचार होत्या.

मंडळी, इथे थांबतो. तबलाही थांबव रे.

ही तीच बाई, जिने एकोणीस देशपांडे पारखले! जिने बाशिंगाच्या आतला टोप ओळखला! तिने त्या हिरव्या ढालीला विचारलं का, मूळ गाव कोणतं? माणसं कोण? चौथा प्रश्न तरी? काकूंनी त्या ॲपचा बायोडेटा मागितला असता तर तो असा आला असता –

नाव: सुपर फास्ट अनलिमिटेड.
मूळ गाव: सांगता येत नाही.
पत्ता: एक ईमेल, उत्तर येत नाही.
घरातली माणसं: दिसत नाहीत.
व्यवसाय: फुकट सेवा.
पोट कशावर भरतं: –

ही रेघ वाचा, मंडळी. सगळं आख्यान त्या रेघेत आहे.

ॲप उघडलं. ते नम्र होतं हो! लगेच विचारलं, तुमचे संपर्क पाहू का? काकूंनी ‘द्या’ दाबलं. फोटो पाहू का? द्या. फोन करू का, घेऊ का? द्या. आता भुयाराला फोटो कशाला हवेत? भुयार खणणारा कधी घरातला अल्बम मागतो का? पण काकूंच्या बोटाला एकच वेग. अक्षता टाकताना असतो तसा. मंत्र कळो न कळो, ‘सावधान’ आलं की टाकायच्या.

हिरवी ढाल चमकली. लिहून आलं, आपण सुरक्षित आहात. काकू गॅलरीत गेल्या, खाली वाकून पाहिलं. सबनीस कुंडीला पाणी घालत होते. काकू मनात म्हणाल्या, आता बघा म्हणावं, कसा लुकलुकतो तुमचा दिवा.

(कोणाचा फोन तो? वाजू दे, वाजू दे. उचला हो, लाजू नका. आणि विचारा त्यांना, तुमच्या फोनात मी कोणत्या नावाने आहे? बघा कसा कट केला! चला पुढे.)

पाच दिवस गेले. गुरुवार उजाडला.

सकाळी देशपांडे, तो मुलगा स्वतःच, दारात. टोपासकट, लालबुंद. कुठल्याशा लग्न जुळवणाऱ्या कंपनीचा फोन आला होता, बाई फार गोड बोलत होती. म्हणाली, नमस्कार, देशपांडे टोप सर बोलताय का? काकूंनी कशीबशी माफी मागितली. तो गेला न गेला, तोच कुलकर्ण्यांच्या घरून निरोप. फोन मुलाच्या आईने उचलला होता. आणि तिला विचारलं होतं – मुलगा बरा आई नको, आपणच का?

मंडळी, त्या माउलीने पुढे काय केलं ते मी कीर्तनात सांगू शकत नाही.

काकूंनी फोन डोळ्यांपुढे धरला. हे शब्द जगात दोनच ठिकाणी होते. त्यांच्या डोक्यात, आणि फोनात. डोकं तर त्यांनी कोणाला दिलं नव्हतं. एकेक नाव डोळ्यांपुढून जाऊ लागलं, आणि म वर येऊन थांबलं. मैथिली. रविवारला तीन दिवस.

तेवढ्यात जिन्यावर पावलं. सबनीस. चेहरा गंभीर. म्हणाले, "काकू, आत्ता एक फोन आला होता. मला विचारलं, सबनीस वायफाय चोंबडे का?"

काकूंना वाटलं, जमीन दुभंगावी. पण वरच्या मजल्यावर जमीन दुभंगली तर माणूस सबनीसांच्याच घरात पडणार!

मग काकूंनी सगळं सांगितलं. मैथिलीचं सोडून. सबनीस ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, "अहो, मला काय दिसतंय? मी नुसता दिवा बघतो. फार तर कुठल्या दुकानात गेलात ते कळेल एखाद्याला. पिशवीत काय घेतलं ते नाही कळत. ऐट मारली मी. द्या तो फोन."

आता बघा वेळ कशी आली. ज्याच्यापासून लपवायचं, त्याच्याच हातात फोन द्यायचा. काकूंचा हात पुढे होईना. पण ॲप काढायचं कसं ते त्यांना येत नव्हतं, आणि दुसरं जवळ कोण होतं? दिला.

सबनीसांनी दिलेल्या परवानग्या काढल्या, ॲप काढलं. यादी त्या ॲपनेच विकलेली दिसते, आणि गेलेलं परत येत नाही, एवढं सांगितलं. मग नावांपुढच्या खुणा पुसायला बसले. काकू समोर. वरून खाली यादी सरकतेय. क. ज. द. ‘देशपांडे टोप’ला सबनीस फिस्सकन हसले. प. ब. म.

बोट थांबलं.

काकू बघतायत. सबनीसांचा चेहरा बघतायत. भाच्याचं स्थळ, मुलीचं नाव, पुढे दोन शब्द. किती वेळ? आपण एकदा नाव घ्यावं देवाचं, एवढा. मग त्या बोटाने दोन शब्द पुसले, नुसतं मैथिली ठेवलं, आणि यादी पुढे सरकवली. सबनीस बोलले नाहीत. त्या बोलक्या माणसाने, मंडळी, वर पाहिलंसुद्धा नाही. फोन परत देताना म्हणाले, तुम्हाला कुठे जायचं असेल तर मी रिक्षा बोलावतो.

काकू मैथिलीकडे गेल्या. शाळा सुटलेली, ती वह्या तपासत होती. काकूंनी बोलायला तोंड उघडलं, तर तीच म्हणाली, "काल फोन आला मला. मैथिली एक किडनी बोलताय का, असं विचारलं." काकू रडायला लागल्या. ती पुढे म्हणाली, "राग आला होता, खूप. नाव लिहायची ती पद्धत तुमचीच, हे कळलं मला. पण तुम्ही सांगायला आलात. आता तिसऱ्या कोणी सांगायच्या आत मला सांगू द्या."

आणि तिने निनादला फोन लावला. रविवार नको, आज संध्याकाळी.

नदीकाठच्या बागेत बाकं पाठीला पाठ लावलेली. एकावर ती दोघं. पलीकडच्यावर, तोंड फिरवून, शेंगा खात, काकू आणि सबनीस. मैथिलीनेच बसवलं होतं – म्हणाली, ऐका, म्हणजे लिहून ठेवायला नको.

तिने सांगितलं. सरळ, गणित मांडावं तसं. काकूंच्या हातातली शेंग तशीच. मग निनादने विचारलं, वडील आता बरे आहेत ना? तुला जड उचलायचं नसतं का? आणि जरा थांबून म्हणाला, "माझंही एक बायोडेटात नाही. मी इंजिनीअरिंगला दोनदा नापास झालो होतो."

"तीनदा," सबनीस शेंगेत तोंड घालून पुटपुटले.

काकू दचकल्या. म्हणाल्या, हे मला कधी बोलला नाहीत. सबनीस म्हणाले, "मी चोंबडा खरा. पण दुसऱ्याचं ते त्यानेच सांगायचं असतं."

विठ्ठल, विठ्ठल!

तर मंडळी, लग्न झालं. आणि अंतरपाट धरायला मैथिलीने कोणाला उभं केलं? एका टोकाला कुमुदकाकू. दुसऱ्या टोकाला त्र्यंबक सबनीस. आता अंतरपाट म्हणजे काय? पडदाच ना? नवऱ्याला नवरी दिसत नाही, नवरीला नवरा दिसत नाही. पण टोक धरून उभा असतो त्याला? त्याला दोन्हीकडचं दिसतं! नवरीचे डोळे भरलेले दिसतात, नवऱ्याचा गुडघा थरथरताना दिसतो. आजवर कोणी अंतरपाटाला उभं करायला बाजारातून अनोळखी माणूस धरून आणलाय? फुकट येतो म्हणाला म्हणून? आपण आपला माणूस उभा करतो. ज्याला सगळं दिसेल आणि जो बोलणार नाही, असा.

सगळी फुकटची ॲप चोर, असं मी म्हणत नाही. मी इथे फुकटच उभा आहे असं तुम्ही म्हणाल, तर आरतीचं ताट अजून फिरायचंय. म्हणजे माझं पोट कशावर भरतं, ते तुम्हाला माहीत आहे. बस, एवढंच! तेवढं त्याला विचारा. घरी जाल, फोन काढाल. ज्या ज्या ॲपला अंतरपाटाचं टोक दिलंय, त्याला काकूंचे चार प्रश्न विचारा. चौथ्याला पाणी मागितलं, तर निरोप द्या. आणि जाता जाता शेजाऱ्याचं नाव कसं लिहिलंय, तेही एकदा बघा.

बाकी एक आहे तो कमरेवर हात ठेवून. त्याने कधी परवानगी मागितली नाही. तुमचं सगळं त्याला दिसतं, माझं दिसतं, देशपांड्यांचं तर केव्हाच दिसलं. पण आजवर त्याने कोणाचं कोणाला सांगितलंय?

त्याच्या हाती टोक द्या, आणि हात जोडा.

कोण धरी पट, आधी ओळखावे।
मग झाकावे ते, गुज सारे॥